वाटाण्याच्या मापाची कडी

“पी गं, दोन घोट तरी पी.”

“नको म्हटलं ना, आजी.”

“काल अख्ख्या दिवसात अर्धा पेला प्यायलीस. उंट आहेस का तू?”

“हो, आहे उंट.”

मी खोलीच्या उंबऱ्यात बसून पटाशीला धार लावत होतो आणि गालातल्या गालात हसत होतो. आजी-नातीच्या भांडणात पुरुषमाणसानं तोंड घालू नये, दोन्हीकडून बोलणी बसतात. शिवाय खरं सांगायचं तर, नात आजीला उलट ऐकवते तेव्हा मला जरा बरंच वाटतं. मला चाळीस वर्षांत जे जमलं नाही ते ही सातव्या वर्षी करते. तिचं कागदावरचं नाव वेगळं आहे, पण मी तिला बिजागरी म्हणतो. पाय फुटले तशी ती दाराला लटकून झोके घ्यायची आणि दिवसभर कुरकुरायची. सुताराच्या घरात अशा पोरीला दुसरं काय नाव मिळणार? छावणीत आल्यावर तर सगळेच तिला त्याच नावानं हाक मारू लागले.

छावणीत येऊन आम्हाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पत्र्याची लांबलचक बराक, तिच्यात प्लायवुडचे आडोसे घालून पाडलेल्या खोल्या, त्यांतली सातवी आमची. बिजागरीच्या आईवडिलांना शहरात काम करायची परवानगी मिळाली होती, पोरीला मिळाली नव्हती. ते दर रविवारी फोन करायचे आणि पोर आम्हा दोघांपाशी होती. लोक विचारायचे, “मिस्त्री, तुम्ही एवढे खुशीत कसे असता हो?” आता स्वभावाला औषध नसतं. घर गेलं, दुकान गेलं, हे खरंच. पण माणसं वाचली, हात शाबूत राहिले, आणि छावणीत मोडक्या वस्तूंना काही तोटा नव्हता. आज खाट मोडायची, उद्या शाळेतला बाक. सकाळी उठावं आणि कुणीतरी हाक मारावी, “मिस्त्री, जरा बघता का?” की माझा दिवस चांगला जायचा.

त्या दिवशी दुपारी मात्र हाक आली ती नर्सबाईंची. बिजागरी वर्गात भोवळ येऊन पडली होती.

नर्सबाई तशा फटकळ. दवाखान्याच्या तंबूत पोर खाटेवर डोळे मिटून पडली होती आणि बाई तिच्या हाताला सलाईनची नळी चिकटवत होत्या. मला बघून म्हणाल्या, “ताप आहे. लघवीला जळजळ होतेय. पाणी पीत नाही ना ही?”

“नाही पीत. हट्टी आहे हो फार.”

“हट्टी?” त्यांनी टेबलावरची वही उचलून माझ्यासमोर धरली. “या आठवड्यातली ही सातवी. सगळ्या मुली. सगळ्यांना हेच. एकाच आठवड्यात सात जणींना हट्टाची साथ येते का, मिस्त्री?”

मी वहीतल्या नावांवरून बोट फिरवलं.

“पाणी का पीत नाहीत ते मला सांगत नाहीत,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. “तुम्ही विचारा. नाही, तुम्ही नका विचारू. आजीला विचारू द्या.”

माझ्या मागोमाग आलेली बायको आत गेली आणि मी तंबूच्या बाहेर पाण्याच्या रिकाम्या कॅनवर बसलो. बराच वेळ आतून नुसती कुजबुज येत होती. मग बायको बाहेर आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ती असं करते तेव्हा मला धडकी भरते.

“पाणी प्यायलं की जावं लागतं,” ती म्हणाली. “जायचं नाही, म्हणून पीत नाही.”

“का जायचं नाही?”

“अहो, त्या दारांना आतून कडी आहे का? एकाला तरी?”

बराकीच्या टोकाला पाण्याची मोठी टाकी, आणि तिच्या बाजूला ओळीनं चोवीस दारं. बारा संडास, बारा न्हाण्या. दारांना बाहेरून कोयंडा, कुलूप लावता यावं म्हणून. आतून काहीच नाही. मी दीड वर्षं रोज त्या दारांतून ये-जा करत होतो. आत गेलो की बादली दाराला लावायची आणि मोठ्यानं खाकरायचं. मोठा माणूस खाकरला की कुणी येत नाही. माझा जन्म दारं बसवण्यात गेला आणि त्या दारांना काय नाही ते मला दिसलं नव्हतं.

“टाकीवाला दारं ढकलतो,” बायको सांगू लागली. “पोरी आत असल्या की काठीनं दार बडवतो. आधी नुसता बडवायचा. मग उघडायला लागला. हाताला धरून बाहेर ओढतो, पोटऱ्यांवर काठी मारतो, म्हणतो पाणी नासता. आपली दोन महिने मोजे काढत नाहीये, लक्षात आलं का तुमच्या? आता काढून बघितले मी. वळ आहेत.”

“वळ?”

“ऐका पुढं. नवव्या खोलीतली ती दोन वेण्यांची पोर आहे ना, दहा वर्षांची? मागच्या मंगळवारी, आपण सगळे शिध्याच्या रांगेत होतो तेव्हा ती आत होती. हा आत शिरला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. तिचं तोंड दाबलं. तिनं हाताला कडकडून चावा घेतला म्हणून सुटली. गुडघे फोडून घेतले, आईला म्हणाली घसरून पडले. बिजागरीला तेवढं खरं सांगितलंय, आणि शपथ घातलीय.”

“मला का नाही सांगितलं कुणी?” मी विचारलं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला ते बोलायचं नव्हतं, पण बोलली. “तो तुमचा चहाचा जोडीदार. तुम्हाला कोण सांगणार?”

ते खरं होतं. रोज चार वाजता मी टाकीच्या ओट्यावर जाऊन बसायचो. टाकीवाला चहा करायचा, आम्ही दोघं प्यायचो. त्याला गोष्टी सांगायची हातोटी होती, माणूस पोट धरून हसायचा. मधेच उठून तो काठी घ्यायचा आणि दारांवरून खडखड फिरवत जायचा. “आटपा, आटपा राण्यांनो, समुद्र नाही आणलाय तुमच्यासाठी!” आतून पोरी किंचाळायच्या. आणि मी हसायचो. मला वाटायचं, चाललीय थट्टामस्करी. मला सगळीकडे चांगलंच दिसतं म्हणून लोक माझं कौतुक करतात. त्या दिवशी कॅनवर बसून मला त्या कौतुकाची किळस आली. माझ्या हसण्याचा आवाज दाराच्या आत ऐकू जात असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑफिसात गेलो. नर्सबाई, बायको, दोन वेण्यांवालीची आई, आणखी आठ-नऊ बायका आणि मी. ऑफिसच्या ताई तरुण होत्या, सहा महिन्यांपूर्वीच आल्या होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं. लिहिताना दोनदा पेन खाली ठेवला. दुपारी जीप आली आणि टाकीवाल्याला घेऊन गेली. जाताना त्यानं मला हात केला. हात केला! जणू दोन दिवसांत परत यायचाय. त्याच्या मनगटाजवळ दातांची खूण होती. मी माझे दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिलो.

“कुठं नेला?” बायकोनं विचारलं.

“चौकशी होईपर्यंत दुसऱ्या छावणीत,” ताई म्हणाल्या.

“म्हणजे बदली.”

ताईंनी मान खाली घातली.

“तिथल्या दारांना आतून कड्या आहेत का?” मी विचारलं.

“मला माहीत नाही, मिस्त्री.” मग त्यांनी तोही प्रश्न कागदावर लिहिला. त्यांच्या अधिकारात काय होतं आणि काय नव्हतं ते मला कळत होतं, तरी मला राग आला आणि तो मी लपवला नाही. म्हटलं, “ते राहू द्या. इथल्या दारांचं काय? मला कड्या द्या.”

ताई उठल्या, गोदामाचं कुलूप काढलं आणि थोडी शोधाशोध करून एक खोका घेऊन आल्या. आत चोवीस लोखंडी कड्या, तेलकट कागदात गुंडाळलेल्या, स्क्रूसकट. खोक्यावर तारीख होती. वर्ष उलटून गेलं होतं.

“बसवायला वरून माणूस मागवला होता,” ताई हळूच म्हणाल्या. “तो आलाच नाही.”

“ताई, मी सुतार आहे. दीड वर्षं इथंच आहे.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

मी खोका उचलून खांद्यावर घेतला.

काम मी माझ्या मामांकडे शिकलो. मामा कमी बोलायचे, पण जे बोलायचे ते टाळक्यात ठोकून बसवायचे. “कडी माणसाच्या डोळ्यांसमोर हवी. वाकून लावावी लागली तर समज, सुतार झोपेत होता.” पन्नास वर्षांत मी हा नियम कधी मोडला नाही. मोजायचा टेप पळापळीत दुकानाच्या खिळ्यालाच राहिला, तेव्हापासून माझं अंग हाच माझा टेप. वीत, चार बोटं, हात. चोवीस दारांना मी स्वतः पाठ ताठ करून उभा राहिलो, नाकासमोर पेन्सिलीची खूण केली आणि तिथं कडी बसवली. चार दिवस लागले. एकही कडी वाकडी नाही, एकही स्क्रू डोकं वर काढून नाही. दांडा सरकवला की खट्! बायका एकेक दार लावून बघत होत्या, बाहेर येऊन हसत होत्या. थोराड मुली तर ओळीनं सगळ्या दारांत जाऊन खट् खट् करून आल्या. नव्या टाकीवालीनं मला चहा दिला. हो, टाकीवर आता एक बाई नेमली होती, बायकांनी तेवढं भांडून मिळवलं होतं.

मी खूश झालो. चार दिवस खाली गेलेली मान वर आली. घरी जाऊन बिजागरीला म्हटलं, “झालं गं काम! आता पी पाणी. घडाभर पी!”

“हो आजोबा,” ती म्हणाली आणि पेला तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी बायकोनं मला तो पेला दाखवला. भरलेलाच होता. पोर नुसते ओठ ओले करत होती.

आता माझं डोकं फिरलं. एवढं केलं, माणूस घालवला, दारं नीट केली, वर नर्सबाईंची कडू औषधं चालू, आणि ही अजून हट्टाला पेटलेली! मी तिच्यावर ओरडलो. ती रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली फक्त. बायको मला बाहेर घेऊन आली. “ओरडताय कशाला? जा, बघा जरा डोळे उघडून. उद्या सकाळी तिथं बसा.”

म्हणून मी दुसऱ्या दिवशी तेलाची बुधली घेऊन दारांच्या ओळीपाशी जाऊन बसलो, बिजागऱ्यांना तेल घालायचं निमित्त. मोठ्या बायका आल्या, खट्, गेल्या. थोराड मुली आल्या, खट्, गेल्या. मग शाळेची मधली सुट्टी झाली आणि लहानग्या आल्या. त्या जोडीनं येत होत्या. एक आत जायची, दुसरी बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहायची, पाय रोवून, डोळे वटारून. चौथ्या खोलीतली पाच वर्षांची वाटाणा होती. हिरवा झगा आणि गोल डोकं म्हणून तिला वाटाणा म्हणायचे. तिच्यासाठी कुणी थांबायला नव्हतं. ती दारापर्यंत आली, पाय आवळून उभी राहिली, आणि तशीच उलट पावली शाळेकडे पळाली.

मग बिजागरी आली. तिनं मला बघितलं नाही. आत गेली, दार ओढलं. मी जवळ जाऊन कान दिला. आतून धप् असा आवाज आला. परत धप्. ती उड्या मारत होती. मधेच लोखंडावर नखं घासल्याचा आवाज. पाच-सहा उड्या झाल्या. मग शांत झालं, आणि दार उघडून ती बाहेर आली. तिचं काम काही झालं नव्हतं.

समोर मी उभा. हातात तेलाची बुधली.

“हात पोचत नाही?” मी विचारलं.

“उडी मारल्यावर पोचतो. पण सरकत नाही ना उडीत.” तिनं माझ्याकडे मान वर करून बघितलं. “आजोबा, ती तुमच्या मापाची आहे.”

“मग सांगितलं का नाहीस मला?”

“तुम्ही इतके खूश होता.”

मी मटकन खाली बसलो. ओल्या फरशीवरच बसलो. पोरीला वाटलं मला चक्कर आली, तिनं माझा दंड धरला. मला तिला सांगायचं होतं की माझ्या खुशीपायी कुणी तहानलेलं राहू नये, असल्या खुशीला आग लागो. पण ती अजून पाय आवळून उभी होती. मी एवढंच म्हटलं, “आधी तू आत जाऊन ये. मी दार धरतो.” आणि दाराला पाठ लावून, पाय रोवून, डोळे वटारून उभा राहिलो.

बाहेर आल्यावर मी तिला एका लाकडी पट्टीला टेकून ताठ उभी केली आणि खिशातून पेन्सिल काढली. तिनं मान हलवली.

“माझ्या मापाची नको. वाटाण्याच्या मापाची करा. एकटी जाणाऱ्यांत ती सगळ्यात छोटी आहे.”

“मग तुला वाकावं लागेल.”

“वाकेन की.”

मी तिला शाळेतून वाटाण्याला बोलावून आणायला पाठवलं. वाटाणा आली ती घाबरतच. तिला पट्टीला उभी केली, तिच्या डोळ्यांसमोर खूण केली, पटाशीनं खाच पाडली. “दुखलं का?” असं वाटाण्यानं पट्टीला विचारलं. पट्टी म्हणाली, नाही. म्हणजे मी म्हणालो, बारीक आवाजात.

कड्या काढायला सुरुवात केली तसं लोक जमले. पाचव्या खोलीतले काका, ज्यांची कंबर त्यांच्या आधी कुरकुरते असं आम्ही गमतीनं म्हणायचो, ते पहिले बोलले. “मिस्त्री, डोकं फिरलं का? एवढ्या खाली? मी एकदा वाकलो की दोन माणसं लागतात उभं करायला.”

“मग आतून हाक मारा, मी येतो.”

“कडी लावल्यावर आत येणार कसे?”

लोक हसले, पण कुरकुर थांबली नाही. कुणी म्हणालं, वर एक ठेवा, खाली एक लावा. कड्या चोवीस आणि दारंही चोवीस. लाकडाची खिट्टी करून देता आली असती, पण ओलाव्यानं लाकूड फुगतं, आणि फुगलेल्या खिट्टीमागे पोर आत अडकली तर? ताईही आल्या, कागद घेऊन. “मिस्त्री, यात लिहिलंय, कडी जमिनीपासून पाच फुटांवर. उद्या वरून तपासणी आली तर मी काय सांगू?”

“ज्यानं लिहिलं त्याची उंची विचारा,” मी म्हटलं.

ताईंना हसू आलं, पण अडचण होतीच. त्या कागद चाळत राहिल्या. तेवढ्यात माझी बायको पुढं झाली. तिचे गुडघे गेली दहा वर्षं दुखतात. बसली की उठताना सगळ्या पितरांना हाका मारते. ती पहिल्या दारापाशी आली. तिथं मी नुकतीच कडी खाली बसवली होती. ती आत गेली. आतून “आई गं” असा आवाज आला आणि मग खट्. परत “आई गं”, खट्, आणि ती बाहेर.

“जमतंय,” ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. “मोठ्यांना वाकता येतं. पोरींना उद्याच्या उद्या उंच होता येत नाही.”

काकांनी दाढी खाजवली. “बरं, बरं. आमची कंबर तशीही मोडलेलीच आहे.” ताईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मी चोवीस दारांच्या वरच्या भोकांत पाचरी ठोकून ती बुजवली. ती अजून दिसतात, नीट पाहिलं तर.

त्या संध्याकाळी बिजागरी दोन पेले पाणी प्यायली. घटाघटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. मग म्हणाली, “मी जाऊन येते.” एकटी गेली. बायको दारात उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होती आणि मी बायकोकडे. “रडतेस काय?” मी म्हटलं. “गुडघा दुखतोय,” ती म्हणाली.

पंधरा दिवसांत नर्सबाईंच्या वहीतल्या सात जणींची दुखणी बरी झाली. दोन वेण्यांची पोर मात्र खोलीतून निघत नव्हती. तिची आई खोलीतच बादली ठेवत होती. मी तिच्याशी काही बोललो नाही, काय बोलणार? पण रोज चार वाजता मी टाकीच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो, पूर्वी बसायचो तिथंच. नवी टाकीवाली चहा द्यायची. मी तोंड रस्त्याकडे करून बसायचो, दारांकडे पाठ.

महिना उलटल्यावर एक दिवस पोर आईबरोबर आली. वेण्या नव्हत्या, केस बारीक कापले होते. आई दारापर्यंत गेली, पोरीनं तिला मागं राहायला सांगितलं आणि आत गेली. खट् वाजलं. मग आतून दार ढकलल्याचा आवाज आला. पोर आतूनच दाराला धक्के देऊन कडी टिकते का ते बघत होती. एक, दोन, चांगले जोरात. कडी हलली नाही. मी बसवलेली होती ती.

ती बराच वेळ आत राहिली. पाण्याची रांग वाढली, पण कुणी आटपा म्हटलं नाही. तिची आई माझ्या शेजारी ओट्यावर येऊन बसली. टाकीवालीनं तिलाही चहा दिला. शेवटी खट् वाजलं. पोर बाहेर आली, तिचं तोंड धुतलेलं होतं. आईचा पेला हातातून घेऊन तिनं उरलेला चहा पिऊन टाकला आणि त्या दोघी गेल्या.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. टाकीवाल्याचं काय झालं ते मी ताईंना दर सहा महिन्यांनी विचारतो. चौकशी चालू आहे, हे उत्तर तीन वर्षं तेच आहे. ते ऐकलं की मला राग येतो आणि दोन दिवस माझं कामात लक्ष लागत नाही. त्या दुसऱ्या छावणीत तरी कड्या बसवा म्हणून मी ताईंच्या मागं लागलो होतो. कड्या मिळाल्या, तेव्हा ताई वाटाण्याची पट्टी मागायला आल्या. मी तिच्यावरून दुसरी कापून दिली, खाच पाडून. जीपमध्ये पट्टी आडवी मावेना, खिडकीतून बाहेर काढून नेली. पुढं आणखी तीन छावण्यांतून मागणी आली. माझ्या हातचं सामान माझ्यापेक्षा जास्त फिरलं.

गेल्या महिन्यात तपासणी आली. मोठे साहेब चांगलेच उंच. न्हाणीत हात धुवायला गेले, आणि आतून बराच वेळ खुडबुड ऐकू आली. कडी सापडत नव्हती. बाहेर आले ते पाठ चोळत.

“या कड्या कुणी बसवल्या? सुतार झोपेत होता का?”

माझे मामाच बोलल्यासारखं वाटलं मला. ताई काही सांगायला पुढं झाल्या, पण मी हात वर केला. “मीच तो, साहेब. झोपेत होतो खरा. जाग आल्यावर या बसवल्या.”

साहेबांना काही कळलं नाही. ताईंनी त्यांना बाजूला नेऊन समजावलं. ते परत त्या दारापाशी गेले, कडीकडे बघत उभे राहिले आणि मग पुढच्या बराकीकडे गेले. कागदात त्यांनी काय लिहिलं ते माहीत नाही, पण कड्या अजून आहेत तिथंच आहेत.

बिजागरी आता दहाची झाली. परवानगीचा कागद अजून आलेला नाही. तिचे आईवडील अजून रविवारी फोन करतात. ती इतकी वाढली की पट्टीवरची खाच तिच्या छातीच्याही खाली येते. वाटाणासुद्धा खाचेच्या वर गेली आणि आता मला कुणी वाटाणा म्हणायचं नाही असं तिनं सगळ्यांना बजावलंय. छावणीत पोरी वाढायला नको होत्या, त्यांच्या त्यांच्या गावी, आपापल्या घराच्या दारांना लटकून वाढायला हव्या होत्या. पण वाढतायत, आणि घटाघट पाणी पितायत, हे बघून मला बरं वाटतं. ते मी काय लपवू?

काल चार वाजता मी ओट्यावर बसलो होतो. बिजागरी आली. तिच्या बोटाला धरून एक नवीनच आलेली पोर होती, चारेक वर्षांची. बिजागरी तिला दारापाशी घेऊन गेली आणि स्वतः आत वाकून तिनं कडी कशी सरकवायची ते दाखवलं. मग ती बाहेर येऊन दारापासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

पोरीनं आत जाऊन दार ओढलं. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मी चहाचा पेला तोंडापाशी तसाच धरून ठेवला.

खट्.

मग मी घोट घेतला.